नोटीस आली म्हणजे घर गेले असे नाही



घर खाली करण्याची नोटीस हातात पडली की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर घाबरून सामानाची बांधाबांध सुरू होते, नाही तर ती नोटीस कपाटात कपड्यांच्या खाली ठेवून दिली जाते व जणू ती आलीच नाही असे सर्वजण वागू लागतात. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून दार अर्धवट लोटले जाते. समूहाच्या सभेला जाणे बंद होते. हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. नोटीस व रस्ता यांच्यामध्ये कायद्याने काही पायऱ्या ठेवल्या आहेत. प्रत्येक पायरीवर आपले म्हणणे मांडण्याची संधी असते व प्रत्येक संधीला ठरावीक मुदत असते. ती मुदत चुकली तर बाजू खरी असूनही घर हातचे जाऊ शकते.

आपल्या धर्मग्रामात भाडेकरू आहेत, तसेच घरमालकही आहेत. वाडीतल्या चार खोल्या भाड्याने देऊन मुलांची शिक्षणे करणाऱ्या विधवा भगिनी आहेत, कराराने खोली घेऊन दर ११ महिन्यांनी नवी जागा शोधणारी तरुण जोडपी आहेत, मुलाच्या नावे घर करून दिल्यावर त्याच घरात परके झालेले आजी-आजोबाही आहेत. म्हणून हा लेख कोणा एका बाजूसाठी लिहिलेला नाही. कायदा काय सांगतो हे दोघांनाही ठाऊक असावे, एवढाच हेतू आहे.

१. मूळ तत्त्व

कोणालाही, मग त्याचा जागेवर हक्क असो वा नसो, कायद्याच्या मार्गाशिवाय राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, हे पहिले तत्त्व आहे. हा अधिकार राज्यघटनेच्या २१ व्या कलमातून, म्हणजे जीविताच्या हक्कातून येतो.

या संदर्भात मुंबईचाच एक खटला देशभर प्रसिद्ध आहे. १९८१ साली भर पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरील व झोपड्यांतील लोकांना हटवून शहराबाहेर पाठवण्याचा निर्णय शासनाने घेतला. पत्रकार ओल्गा टेलिस व काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले.

मात्र या निकालाची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. पदपथावर कायमचे राहण्याचा हक्क न्यायालयाने दिला नाही. हटवता येईल, पण सूचना देऊन व म्हणणे ऐकून, असे सांगितले. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, लोकांना हटवू नये असा आदेश दिला व ज्यांच्याकडे १९७६ च्या झोपडपट्टी गणनेची ओळखपत्रे होती त्यांना पर्यायी जागा द्यावी असे सांगितले. याचा अर्थ असा, की कायदा प्रत्येक वेळी घर वाचवतोच असे नाही. पण तो वेळ देतो, आपले म्हणणे ऐकून घेतो व कित्येकदा पर्याय मिळवून देतो. बेघर होण्याच्या उंबरठ्यावरच्या कुटुंबासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

शिवाय ज्यांच्याकडे गणनेचा कागद होता त्यांनाच पर्यायी जागेचा आदेश मिळाला, ही गोष्ट विसरू नये. कागदाच्या महत्त्वाकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

२. आपण त्या घरात कोणत्या नात्याने राहतो?

नोटीस आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा, कारण प्रत्येक नात्याला कायदा वेगळा आहे.

(अ) भाडेकरू व पागडीची घरे

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आहे. तो प्रामुख्याने शहरी भागांना लागू आहे. आपल्या गावाला व आपल्या जागेला तो लागू होतो की नाही, हे वकिलाला कागद दाखवून विचारून घ्यावे.

या कायद्याप्रमाणे जो भाडेकरू नियमित भाडे देतो व देण्यास तयार असतो, त्याला केवळ मालकाच्या मनात आले म्हणून काढता येत नाही. भाडे थकले असेल तरीही मालकाने प्रथम लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते व तेथून ९० दिवस उलटल्याशिवाय त्याला या कारणासाठी दावा लावता येत नाही. समजा दावा लागला, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत थकलेले भाडे, त्यावर वार्षिक १५ टक्के व्याज व दाव्याचा खर्च न्यायालयात भरला आणि पुढे निकाल लागेपर्यंत भाडे भरत राहिले, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. कायद्याने दिलेल्या या दोन संधी आहेत. ‘मालक भाडे घेतच नाही’ असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्याच्या मात्र त्या हातून निसटतात. मालक भाडे नाकारत असेल तर ते बँकेमार्फत पाठवावे व पाठवल्याचा पुरावा जपावा.

भाडे नियमित असले तरी काही कारणांसाठी मालक न्यायालयात जाऊ शकतो. मालकाला स्वतःला राहण्यासाठी जागेची खरोखर गरज असणे, भाडेकरूने बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे, लेखी संमतीवाचून कायमचे बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, वाजवी कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणे, ही त्यांपैकी काही. मालकाच्या गरजेचा दावा असेल तेव्हा जागा गेल्याने भाडेकरूला अधिक त्रास होईल की न मिळाल्याने मालकाला, याची तुलना न्यायालय करते. म्हणून घरात आजारी माणूस असेल, मुलांची शाळा जवळ असेल, दुसरी जागा मिळण्याजोगी नसेल तर हे सर्व न्यायालयापुढे मांडले पाहिजे. न्यायाधीश ते स्वतःहून जाणू शकत नाहीत.

निकाल विरुद्ध गेला तर अपिलासाठी ३० दिवस मिळतात. भाडेकरू मरण पावला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क पुढे मिळू शकतो. म्हणून वडिलांच्या निधनानंतर ‘पावती तुमच्या नावावर नाही’ एवढ्याच कारणाने घाबरून घर सोडू नये.

(ब) लिव्ह अँड लायसन्सचा करार

आज बहुतेक खोल्या याच कराराने दिल्या जातात. येथे राहणारा माणूस भाडेकरू नसतो व त्याचे संरक्षण बरेच कमी असते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मुदत संपली की घर सोडणे हे त्याचे कर्तव्य आहे. मुदतीनंतर राहिल्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते.

असे असले तरी मालकाने स्वतः कुलूप तोडून सामान बाहेर काढायचे नसते. त्याने शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. लायसन्सची मुदत संपल्यावरही बळाने ताबा घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितले आहे. प्राधिकाऱ्याचे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र दाखल करून बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचे म्हणणे मान्य झाले असे धरले जाते. ही मुदत विसरल्यामुळे प्रकरण एकतर्फी संपू शकते.

करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे व नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केलेली नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते व मालकाला शिक्षाही होऊ शकते.

(क) झोपडी, सरकारी जागा, अनधिकृत इमारत

१९७१ च्या झोपडपट्टी कायद्यातील सुधारणांप्रमाणे १ जानेवारी २००० पूर्वीच्या पात्र झोपडीधारकांना पुनर्वसनाशिवाय हटवता येत नाही. त्यानंतरच्या, परंतु १ जानेवारी २०११ पर्यंतच्या पात्र झोपडीधारकांसाठी शुल्क भरून पुनर्वसनाची तरतूद करण्यात आली आहे. पात्रता ठरते ती कागदांवर. फोटोपास, त्या काळची मतदारयादी, वीजबिल, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला असे पुरावे एका पिशवीत घालून सुरक्षित ठेवावेत.

पाडकामाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी महत्त्वाचे निर्देश दिले. न्यायमूर्ती भूषण गवई व न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने सांगितले, की आधी कारणे दाखवा नोटीस दिल्याशिवाय पाडकाम करता येणार नाही. उत्तरासाठी स्थानिक कायद्यातील मुदत किंवा १५ दिवस, यांपैकी जे नंतर येईल तेवढा वेळ दिला पाहिजे. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवावी व इमारतीवरही चिकटवावी. प्रत्यक्ष सुनावणी घ्यावी, आदेशात कारणे लिहावीत व अंतिम आदेशानंतरही १५ दिवस थांबावे. पाडकामाचे चित्रीकरण करावे. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणांवरील अनधिकृत बांधकामांना आणि न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिलेल्या ठिकाणांना हे निर्देश लागू नाहीत.

या अपवादाचा अर्थ काय होतो हे आपल्या वसई तालुक्याने पाहिले आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेच्या ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या व शेकडो कुटुंबांचे संसार रस्त्यावर आले. त्यांतील कित्येकांनी आयुष्यभराची पुंजी घालून ती घरे घेतली होती. एवढ्या टोकाला गोष्ट गेल्यावर कायद्याच्या हाती फार थोडे उरते. म्हणून घर घेण्यापूर्वीच सातबारा, बिनशेती परवानगी, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, भोगवटा दाखला व महारेराचा नोंदणी क्रमांक तपासावा. कागद दाखवण्यास टाळाटाळ होत असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी तेथून परत फिरावे.

(ड) कुटुंबातील घर

घराबाहेर काढणारा नेहमी परकाच असतो असे नाही. काही वेळा तो आपल्याच ताटात जेवलेला असतो. याविषयी सर्वांत कमी बोलले जाते, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो.

पत्नीला व सुनेला : कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ प्रमाणे स्त्रीला ‘सामायिक घरात’ राहण्याचा हक्क आहे. घर तिच्या नावावर असण्याची गरज नाही. सासू-सासऱ्यांच्या नावावरचे घरही परिस्थितीनुसार सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी सांगितले आहे. छळ होऊन घराबाहेर काढले गेले असेल वा तशी धमकी असेल, तर संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून निवासाचा आदेश मागता येतो. मदतीसाठी महिला हेल्पलाईन १८१ आहे.

विधवा भगिनींना : आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती कुटुंबांना, वारसाहक्कासाठी भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू आहे. पती मृत्युपत्र न करता वारला व मागे मुले असतील, तर त्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा पत्नीचा व उरलेला दोन तृतीयांश मुलांचा असतो. मुलगा व मुलगी यांत कायदा फरक करीत नाही. ‘मुली लग्न करून गेल्या, त्यांचा काय संबंध?’ हे वाक्य रूढीचे आहे, त्याला कायद्याचा आधार नाही.

वृद्ध आई-वडिलांना : २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे प्रांत अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. कायदा अमलात आल्यानंतर केलेले बक्षीसपत्र, ‘आमचा सांभाळ करावा’ या अटीवर केलेले असून मुलाने ती अट मोडली असेल, तर रद्द होऊ शकते. ही अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. तोंडी वचनावर विसंबल्यास पुढे सिद्ध करणे कठीण होते. याहून चांगला उपाय म्हणजे आपल्या हयातीत घर दुसऱ्याच्या नावे न करता मृत्युपत्र करून ठेवणे. ज्येष्ठांसाठी हेल्पलाईन १४५६७ आहे.

येथे एक नाजूक बाब आहे. सासू-सासरे ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार घेतात व सून २००५ च्या कायद्याचा. अशा वेळी एका कायद्याने दुसऱ्याचे संरक्षण सहज पुसता येत नाही, दोन्ही बाजू पाहून निर्णय द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले. तेव्हा सुनेला घालवण्यासाठी म्हाताऱ्यांना पुढे करून अर्ज करणाऱ्यांनी नीट विचार करावा.

(इ) कर्जाचे घर

बँकेच्या गृहकर्जाचे हप्ते थकले व खाते बुडीत वर्गात गेले, तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते. त्या काळात लेखी हरकत घेता येते व बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. बँकेने ताबा घेण्याची कारवाई केल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. परंतु या प्रकरणात सर्वांत मोलाचे ते ६० दिवस होत. नोकरी गेली, आजारपण आले, तर नोटीस येण्याची वाट न पाहता आधीच बँकेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून देण्याची लेखी विनंती करावी. खासगी सावकाराकडून दुसरे कर्ज काढून पहिले फेडण्याचा मोह टाळावा.

३. कोणी बळजबरी केली तर?

काही वेळा नोटीसही येत नाही. पाणी तोडले जाते, वीज बंद केली जाते, दाराला दुसरे कुलूप लागते. भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे पाणी, वीज, जिन्यातील दिवे, सफाई या अत्यावश्यक सोयी मालकाला तोडता येत नाहीत. न्यायालय त्या पुन्हा सुरू करण्याचा आदेश देऊ शकते व मालकाला कैद किंवा दंड होऊ शकतो.

घुसखोरी वा मारहाण होत असेल तर ११२ वर फोन करावा व पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिच्या प्रतीवर पोच घ्यावी. ‘हा दिवाणी वाद आहे’ असे उत्तर मिळाले तरी बळाने घरात शिरणे व धमकावणे हे फौजदारी गुन्हे आहेत, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. पोलिसांना स्वतःच्या अधिकारात कोणाचे घर खाली करून देता येत नाही. ताबा घेण्यासाठी येतो तो न्यायालयाचा बेलिफ, व त्याच्याकडे वॉरंट असते. ते पाहण्यास मागावे.

बाहेर काढलेच गेले असेल, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या ६ व्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा लावता येतो. या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. आपण तेथे राहत होतो व कायदेशीर मार्गाशिवाय काढले गेलो, एवढे दाखवावे लागते. शासनाविरुद्ध मात्र हा दावा चालत नाही.

४. वकिलाची फी कोठून आणायची?

हा प्रश्न विचारून अनेकजण जागच्या जागी थांबतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मुळे मोफत कायदेशीर मदत हा हक्क आहे. प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, ही मदत मिळते. तसेच मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कारखान्यातील कामगार, आपत्तीत सापडलेले लोक यांनाही ती मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे.

या मदतीत वकील, न्यायालयाचे शुल्क व कागदपत्रे तयार करण्याचा खर्च येतो. अर्ज करण्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. सोबत ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला (स्त्रियांना त्याची गरज नाही) व आलेली नोटीस न्यावी. असा नेमून दिलेला वकील पक्षकाराकडे वेगळे पैसे मागू शकत नाही. मागितल्यास त्याच कार्यालयात तक्रार करावी.

हाच हक्क विधवा घरमालकिणीलाही आहे, हे विसरू नये. भाडेकरू भाडे बुडवून बसला असेल, तर तिलाही सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. गुंडांना पैसे देऊन घर खाली करून घेण्याची गरज नाही.

५. नोटीस आल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावे?

१) नोटीस नाकारू नये. पोस्टमनला परत पाठवल्याने ती रद्द होत नाही. उलट ती मिळाली असेच धरले जाऊ शकते.

२) पाकीट व नोटीस मिळाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी. सर्व मुदती तेथून मोजल्या जातात.

३) नोटीस कोणाची आहे हे पाहावे : मालकाच्या वकिलाची, न्यायालयाची, महानगरपालिकेची की बँकेची? वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. पण न्यायालयाचे समन्स असेल तर त्यावरील तारखेला हजर राहावेच लागते.

४) कोऱ्या कागदावर, स्टँपपेपरवर किंवा ‘फक्त एक सही करा’ म्हणून आणलेल्या कागदावर सही करू नये. चावीही हाती देऊ नये.

५) भाडेपावत्या, करार, वीजबिले, घरपट्टी, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक यांच्या झेरॉक्स काढून एक संच नातेवाइकाकडे ठेवावा.

६) उत्तर लेखी द्यावे व पोच मिळेल अशा रीतीने पाठवावे. फोनवरचे बोलणे पुरावा म्हणून टिकेलच असे नाही.

७) आपल्या माघारी मनाई हुकूम घेतला जाण्याची भीती असेल, तर वकिलामार्फत न्यायालयात कॅव्हेट दाखल करावे. ते ९० दिवस टिकते व तोपर्यंत आपल्याला कळवल्याशिवाय न्यायालय सहसा आदेश देत नाही.

८) चालू भाडे भरणे थांबवू नये. रागाच्या भरात थांबवलेले भाडे हेच मग समोरच्याचे सर्वांत मोठे हत्यार होते.

९) घरातील सर्वांना खरी परिस्थिती सांगावी. वृद्ध आईला वा शाळकरी मुलांना काही सांगू नये असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आपल्या माघारी दारात बेलिफ उभा राहिला, तर त्यांनी काय करायचे हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.

६. घरमालकांसाठी दोन शब्द

आपल्यातील अनेक घरमालक श्रीमंत नाहीत. घराचे भाडे हेच त्यांचे पेन्शन आहे. कायद्याला वेळ लागतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच सुरुवातीला काळजी घ्यावी. करार नोंदणीकृत करावा. प्रत्येक रकमेची पावती द्यावी, तसे करणे कायद्याने बंधनकारकही आहे. घर हवे असेल तर मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी तोंडी व लेखी सांगावे. परीक्षा तोंडावर असताना किंवा भर पावसात कुटुंबाला घर शोधायला लावू नये. परगावाहून आलेल्या माणसाला किंवा अन्य समाजाच्या कुटुंबाला केवळ ‘आपले नाहीत’ म्हणून नाकारताना, आपल्याच मुला-मुलींना मुंबईत व परदेशात खोली शोधताना काय ऐकावे लागते, ते आठवावे.

पवित्र शास्त्रात नाबोथाची गोष्ट आपण ऐकली आहे. आहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथ वाडवडिलांची जागा देईना. तेव्हा ईजबेल राणीने पत्रे लिहून, खोटे साक्षीदार उभे करून, न्यायनिवाड्याचा देखावा करून त्याचा जीव घेतला व मळा राजाला मिळवून दिला. सर्व कागद वरून व्यवस्थित होते. गावचे वडीलधारेही हजर होते, पण त्यांतील एकानेही तोंड उघडले नाही. कागदांचा असा वापर आजही होतो व आसपासचे लोक आजही गप्प बसतात.

७. आपण शेजारी म्हणून काय करू शकतो?

न्यायालयात उभे राहणे हे वकिलाचे काम आहे. पण त्यापूर्वीची कितीतरी कामे शेजाऱ्याला करता येतात. नोटीस इंग्रजीत असेल तर वाचून अर्थ सांगणे, कागदांचे झेरॉक्स काढून देणे, विधी सेवा समितीच्या कार्यालयात सोबत जाणे, तारखेच्या दिवशी मुलांना सांभाळणे, ‘हे कुटुंब येथे इतकी वर्षे राहते’ अशी साक्ष देण्यास तयार होणे. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी व कार्यालयात काम केलेली माणसे आपल्या प्रत्येक समूहात आहेत. त्यांना ही सेवा सहज जमेल. घरभाड्याची एखाद्या महिन्याची अडचण असेल, तर सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या मंडळाकडे वेळेवर गेलेला एक निरोप पुढचा मोठा अनर्थ टाळू शकतो.

एखाद्याचे छप्पर आधीच गेले असेल, तर त्याला एकटे सोडू नये. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार लोक बेघर आढळले. शहरांमध्ये दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय होईल असा निवारा असावा, असे केंद्र शासनाच्या योजनेचे धोरण ठरले होते. महानगरपालिकेत जाऊन निवाऱ्याची चौकशी करता येते. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र व मुलांची शाळा मात्र काहीही करून टिकवावी. पत्ता गेला की माणसाचे बाकीचे हक्कही एकेक करून निसटू लागतात.

शेवटी एकच विनंती. घर जाण्याची वेळ येणे ही लाज वाटण्याजोगी गोष्ट नाही. आजारपण, नोकरी जाणे, नवऱ्याचे व्यसन, भावाभावांतले भांडण, यांपैकी काहीही कोणाच्याही दारात येऊ शकते. नोटीस आली त्याच दिवशी कोणाला तरी सांगा : समूहप्रमुखाला, धर्मगुरूंना, शेजारच्या वहिनीला. ९० दिवसांच्या मुदतीतला पहिला दिवस व एकोणनव्वदावा दिवस यांत फार अंतर असते.

समूह सभेत चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या समूहात भाड्याने वा कराराने राहणारी कुटुंबे किती आहेत? त्यांची आपल्याला नावानिशी ओळख आहे का?

२) आपल्या घरातील भाडेपावत्या, करार, सातबारा, मृत्युपत्र हे कागद कोठे आहेत? घरातील दुसऱ्या कोणाला ते ठाऊक आहे का?

३) आपल्या कुटुंबात बहिणींना वा विधवा वहिनींना त्यांचा वाटा मिळाला आहे का? नसल्यास त्याविषयी बोलण्यास कोण सुरुवात करील?

४) तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात सोबत जाण्यास आपल्यापैकी कोण तयार आहे? अशा दोघांची नावे आजच्या सभेत ठरवता येतील का?